नाटकं नव्हेत, आजार आहे

पोरगी क्षणात जीव लावते, क्षणात तोडून टाकते, हाताला ब्लेड मारून घेते. आपण म्हणतो, "नाटकं करते." काही जण भगताकडे नेतात, बावीस प्रतिज्ञा घेऊनसुद्धा! वर्षानुवर्षं असं चालत असेल तर तो बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर असू शकतो. मुलग्यांनाही होतो.

अमेरिकेतल्या मार्शा लिनेहन यांनी त्यावर डीबीटी ही वर्तन-उपचार पद्धत घडवली. १९९१ साली तिची चाचणी प्रसिद्ध झाली. तरुणपणी आपणही स्वतःला इजा करून घ्यायचो, हे त्यांनी २०११ मध्ये उघड सांगितलं. झेन ध्यानातली सजगता, म्हणजे आपली सति, हा या उपचाराचा पाया. पण नुसतं डोळे मिटून बसणं नव्हे. भावना अनावर झाली की तोंडावर गार पाणी घ्यायचं, हवं ते नेमकं मागायचं, नातं न तोडता 'नाही' म्हणायचं. दर आठवड्याला गटात शिकायचं, घरी घोटायचं, साधारण वर्षभर. स्वतःला इजा करणं त्यानं कमी होतं, माणसांत वावरणं जमू लागतं.

हे फक्त महागड्या दवाखान्यांतच का? आपल्या विहाराचा हॉल आठवडाभर रिकामा असतो. प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञ तिथे बोलवा. सरकारी उपचार हा २०१७ च्या कायद्यानं आपला हक्क आहे, तो मागा. आणि आज रात्रीच गरज पडली तर टेलि-मानसचा मोफत नंबर १४४१६.