शंभर रुपयांत लेकराचं शिक्षण?

2025 मध्ये एका सीए मित्राच्या ऑफिसात बसलो होतो. त्या वर्षी रिटर्नची मुदत 31 जुलैवरून 15 सप्टेंबर 2025 वर गेली होती, त्यामुळे लोक निवांत येत होते. एक गृहस्थ आले, पगारदार माणूस, पदरी दोन मुलं. सोबत शाळेच्या फीच्या पावत्यांनी भरलेली पिशवी. मित्राने कागद चाळले आणि म्हणाला, "तुमचा टीडीएस नव्या करप्रणालीने कापलाय. तिच्यात या पावत्यांचा काही उपयोग नाही."

गृहस्थांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. म्हणून हे लिहितोय.

आधी कामाचं. जुन्या प्रणालीत मुलांसाठी मुख्यतः दोन सवलती आहेत. पहिली, ट्यूशन फी. जास्तीत जास्त दोन मुलं, शिक्षण पूर्णवेळ, शाळा-कॉलेज भारतातलं. देणगी, विकास निधी, बसभाडं, खासगी क्लास यातलं काहीच धरत नाहीत. शिवाय पीएफ, एलआयसी, घरकर्जाचं मुद्दल हे सगळं त्याच दीड लाखाच्या पोत्यात कोंबायचं. नवरा-बायको दोघंही कर भरत असतील, तर ज्याने जी फी भरली ती त्याने दाखवावी.

दुसरी सवलत, पगारात शिक्षण भत्ता मिळत असेल तर त्यावरची सूट. किती? 2025 मध्ये ती मुलामागे महिन्याला 100 रुपये होती, तेही दोनच मुलांना. वसतिगृहासाठी 300. दोन मुलांचे वर्षाचे झाले 2,400. वीस टक्क्यांच्या टप्प्यात सेस धरून वाचत होते 499 रुपये. एवढ्यात एका पोराचं दप्तर तरी येत होतं का? तोवर वीसहून जास्त वर्षं हा आकडा जागचा हललेला नव्हता.

नव्या प्रणालीत हेही नाही. 2023-24 पासून काही न सांगितल्यास हीच प्रणाली लागू होते. धंदा-व्यवसायाचं उत्पन्न नसलेल्या पगारदाराला मुदतीत रिटर्न भरताना जुनी निवडता येते. दोन्हींचा हिशोब मांडून बघा, मगच ठरवा.

आता मुद्द्याचं. कोणी म्हणेल, नव्या प्रणालीत दर कमी आहेत, 2025-26 पासून 12 लाखांपर्यंत कर नाही, अजून काय पाहिजे? मान्य, दिलासा मोठा आहे. पण तो पगाराला मिळाला, लेकरांना नाही. दोन पोरांचा बाप आणि एकटा जीव, पगार सारखा तर कर सारखा. घरात खाणारी तोंडं किती, हे नवी प्रणाली विचारतच नाही.

अमेरिकेत चाइल्ड टॅक्स क्रेडिट आहे. वजावट आणि क्रेडिट यात फरक आहे. 10,000 ची वजावट मिळाली तर वीस टक्के दराने 2,000 वाचतात. 10,000 चं क्रेडिट मिळालं तर भरायच्या करातूनच अख्खे 10,000 कमी होतात. 2021 मध्ये त्यांनी ही रक्कम सहा वर्षांखालच्या मुलाला 3,600 डॉलर, त्यावरच्याला 3,000 केली. कर लागतच नाही अशा गरीब घरांनाही पैसे दिले, निम्मे तर दरमहा खात्यात. त्यांच्या सेन्सस ब्युरोच्या एका मोजणीत त्या वर्षी बालगरिबी 5.2 टक्क्यांवर आली. वाढीव रक्कम बंद झाली आणि 2022 मध्ये तीच 12.4 टक्के झाली.

आपल्याकडे उद्या तेवढे पैसे वाटा, असं मी म्हणत नाही. तेवढी ऐपत नसेल. पण नव्या प्रणालीत मुलांच्या फीसाठी एक ओळ ठेवायला काय हरकत आहे? आणि भत्त्यावरची सूट एकतर आजच्या भावाला ठेवा, नाहीतर काढून टाका. पालकांची चेष्टा तरी थांबेल.

दर बजेटला आपण फक्त स्लॅब विचारतो. पुढच्या वेळी खासदार गावात आले की त्यांना मुलांचं विचारा.

तुमच्याकडे शाळेची फी किती आहे? कमेंटमध्ये लिहा. पटलं तर पुढे पाठवा.