महिने बारा, रिचार्ज तेरा!

एक सोप्पा प्रश्न : तुमच्या पॅकमध्ये रोजचा डेटा किती? आलं ना उत्तर पटकन! आता जरा अवघड : गावाकडे आईबाबांचा पॅक किती तारखेला संपतो?

झाली ना पंचाईत? स्वतःसाठी प्लॅन निवडताना आपण एकदम एक्स्पर्ट असतो. कोणाबरोबर ओटीटी फुकट, कोणाची रेंज ऑफिसच्या लिफ्टमध्ये गुल होते, सगळं तोंडपाठ. आणि मग तोच पॅक, जसाच्या तसा, एका क्लिकवर आईबाबांच्या नंबरवर! तिथेच गडबड होते, मंडळी.

मी पुण्यात, आमचे अण्णा वसमतला. वसमत म्हणजे हळद. (२०२४ मध्ये तिला जीआय मानांकन मिळालं, तेव्हापासून आमची कॉलर जरा टाइट!) हळद शिजवून, वाळवून झाली की अण्णांचा फोन कानालाच असतो. इथे बाजार समितीत काय भाव निघाला, हिंगोलीला काय, नांदेडला काय, माल काढायचा की थांबायचं... सगळं बोलण्यावर ठरतं. रोजच्या दोन जीबीशी त्यांचा संबंध शून्य. त्यांचं म्हणणं एवढंच, "मला ते नेट-बिट नको रे. मी लावला की लागला पाह्यजे, अन् आला की ऐकू आलं पाह्यजे."

अशा माणसांसाठीही पॅक आहेत बरं का! डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने कंपन्यांना बजावलं की फक्त कॉल आणि एसएमएसचे पॅकही ठेवा, आणि जानेवारी २०२५ पासून ते आलेही. त्यांची जाहिरात कोणी करत नाही, ॲपमध्ये खाली-खाली शोधावे लागतात, एवढंच. आईचं मात्र उलट. तिला व्हिडिओ कॉलवर नातवाचं तोंड दिसलं पाहिजे, म्हणून तिच्या फोनला डेटा हवाच. एक घर, दोन माणसं, दोन प्लॅन!

आता हिशेब. २८ दिवसांचा पॅक म्हणजे महिना नव्हे. २८ गुणिले १३ म्हणजे ३६४, म्हणून महिने बारा आणि रिचार्ज तेरा. ८४ दिवसांचा 'तीन महिन्यांचा' पॅक चार वेळा मारलात, तरी वर्षाचे २९ दिवस उरतातच. २०२२ च्या नियमामुळे प्रत्येक कंपनीला पूर्ण ३० दिवसांचा पॅकही ठेवावा लागतो, पण तो आपण होऊन कोणी पुढे करत नाही. तेव्हा नुसती किंमत बघू नका, किमतीला दिवसांनी भागा.

पण पैशांपेक्षा मोठी गोष्ट वेगळीच आहे. व्हॅलिडिटी संपली की आधी आउटगोइंग बंद होतं, आणि अण्णा ते कधीच सांगत नाहीत. "इनकमिंग चालू आहे की," म्हणतात आणि माझ्या फोनची वाट बघतात. मुलाला रिचार्ज सांगणं म्हणजे पैसे मागणं, असं त्यांना वाटतं. उभ्या आयुष्यात ज्याने कोणापुढे हात पसरला नाही, तो माणूस दर २८ दिवसांनी "तेवढं बॅलन्स टाक" म्हणणार आहे का? म्हणून त्यांना वर्षभराचा पॅक. दिवाळीला एकदा मारायचा, विषय संपला. (२००५ च्या अखेरीस ९९९ रुपयांत 'लाइफटाइम' प्रीपेड मिळायचं, आठवतंय? ते लाइफटाइम कंपनीच्या परवान्याचं होतं, ग्राहकाचं नव्हे. वर्षाचा पॅक निदान वर्षाचा तरी असतो! तरीही दिवस मोजून घ्या.)

राहिला प्रश्न कंपनीचा. मैदानात आता मोठे खेळाडू चारच : जिओ, एअरटेल, व्हीआय आणि बीएसएनएल. हिंजवडीतली रेंज बघून वसमतचं सिम घेऊ नका. कव्हरेजचे नकाशे कंपन्यांच्या वेबसाइटवर आहेत, ते जरूर बघा. पण माळवदाच्या जाड भिंतींच्या आत काय होतं, शेताच्या बांधावर काय होतं, ते शेजारच्या शेतातले काकाच सांगतील. हँडसेटही बघा. घरात बटणांचा जुना टू-जी फोन असेल, तर जिओचं सिम त्यात चालणार नाही, कारण जिओकडे टू-जी नेटवर्कच नाही.

आणि कंपनी बदला, नंबर नको! बँक, आधार, गॅस, सगळं त्याच नंबरला बांधलेलं असतं. २०११ पासून देशभर पोर्टिंगची सोय आहे : इंग्रजीत 'पोर्ट', स्पेस, मग नंबर, असा एसएमएस १९०० वर पाठवायचा. फक्त सध्याच्या कंपनीत ९० दिवस झालेले हवेत. घरात एखादं जास्तीचं सिम ड्रॉवरमध्ये पडलं असेल, तर त्याकडेही लक्ष असू द्या. सलग ९० दिवस काहीच वापर नाही आणि बॅलन्स २० रुपयांच्या खाली, असं झालं तर तो नंबर हातचा जाऊ शकतो.

तर या वीकेंडला घरी फोन लावा आणि तीनच गोष्टी विचारा : रेंज कुठे जाते, नेट लागतं का, पॅक कधी संपतो? तिसऱ्याचं उत्तर "असू दे रे, चालू आहे" असं आलं, तर ओळखून घ्या. आउटगोइंग बंद आहे.