फ्रिजमधला चतुर

परवा एका मित्राने फोटो दाखवला. सिग्नेचर स्पायडरची मादी, तिच्यापुढे जाळ्यात अडकलेला चतुर, मागे झकास हिरवा ब्लर. मी म्हटलं, "कसला भारी आलाय! किती वेळ थांबलास?" तर साहेब म्हणतात, "थांबायचं कशाला? चतुर काल पकडून फ्रिजमध्ये ठेवला होता. सकाळी जाळ्यात टाकला."

यावर गप्प बसणं शहाणपणाचं होतं. मी बसलो नाही.

त्याचं म्हणणं, कोळी किडे खातातच, मग मी वाढून दिलं तर बिघडलं कुठे? आणि आपण नोकरदार माणसं, शनिवार-रविवार सोडला तर वेळ आहे कुणाला? वेळेचं मला पटतं. पण हा कोळी काही पळून जात नाही हो! जाळ्याच्या मधोमध डोकं खाली करून, आठ पाय जोड्या-जोड्यांनी फुलीसारखे ताणून, दिवसचे दिवस त्याच झुडपात बसलेला असतो. यापेक्षा सोयीचं मॉडेल अख्ख्या बागेत नाही.

खरी गोष्ट वेगळी आहे. आपल्याला डेमो हवा असतो. डमी डेटा हार्डकोड करून क्लायंटला चकचकीत स्क्रीन दाखवायची सवय सोमवार ते शुक्रवार लागलेलीच आहे, ती आता बागेतही आली. (मीही केलंय. फ्रिजमध्ये नाही, पण एकदा मुंगळा चिमटीत धरून जाळ्यात टाकलाय. फोटो चांगला आला होता, म्हणून जास्त लाज वाटते.)

बिघडतं ते असं. जाळ्यात काहीतरी धडकलं की ही बाई आधी ठरवते. हवं असेल तर मागच्या पायांनी रेशमाचे पट्टेच्या पट्टे ओढून भक्ष्य गरागरा फिरवत गुंडाळते, चावते सहसा त्यानंतर. भक्ष्य फार मोठं किंवा धोक्याचं वाटलं तर कधी कधी सरळ धागे तोडून खाली सोडून देते. म्हणजे 'कोणता कोळी काय खातो' हा प्रश्न साधा नाही, आणि तुमचा फोटो हे त्याचं उत्तर असतं. आयनॅचरलिस्टवर तारीख आणि जागा टाकून तो चढवलात की ती नोंद होते. फ्रिजमधल्या चतुराची नोंद म्हणजे थापच की!

मोठ्या स्पर्धांमध्येही हे झालंय. 'वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर'चा २००९चा पहिला नंबर २०१० मध्ये काढून घेतला, कारण फाटकावरून उडी मारणारा लांडगा बहुधा शिकवलेला होता असं परीक्षकांचं मत पडलं. २०१८ मध्ये त्याच स्पर्धेत एका मुंगीखाऊचा फोटो बाद झाला. तो पेंढा भरलेला असावा असा तज्ज्ञांचा निष्कर्ष होता. दोन्ही फोटोग्राफरांनी आरोप नाकारले. पण तिथे निदान कुणीतरी तपासतं. आपल्या सोसायटीच्या तगरीवर कोण तपासणार?

स्प्रेने दवबिंदू मारतात त्यांच्याशी माझं भांडण नाही. सांगून टाका म्हणजे झालं.

आणि हो, वाट बघणं रोमँटिक वगैरे अजिबात नसतं. मॅक्रोमध्ये जेमतेम एक-दोन मिलिमीटर फोकसमध्ये राहतं, वाऱ्याची झुळूक आली की जाळं पुढे-मागे, डास तुम्हाला खातात आणि वॉचमन विचारतो, "साहेब, काही हरवलंय का?"

गेल्या रविवारी दोन तास उकिडवा बसलो. शेवटी एक दणकट नाकतोडा धडकला. मी फोकस जुळवेपर्यंत तिने दोन फेऱ्या मारल्या, धागे कापले आणि त्याला सोडून दिलं. माझ्याकडे फोटो आहे तो जाळ्याला पडलेल्या भोकाचा. कडेला तिचा एक पाय दिसतो, तोही हललेला. मित्राला दाखवला. तो म्हणाला, "यात काय आहे?"