‘लाल गोळी’चं नाव काय?

आपल्याकडे बहुतेक घरांत खुंटीला एक प्लास्टिकची पिशवी टांगलेली असते. तिच्यात सुट्या गोळ्या, अर्धवट कापलेल्या स्ट्रिपा, एखादं चुरगळलेलं चिठोरं. आईला विचारा, कोणती गोळी घेतली? उत्तर ठरलेलं : “ते लाल.” हे ‘ते लाल’ प्रकरण बंद झालं पाहिजे, आणि ते बंद करणं घरात जो कोणी कॉलेजात जातो त्याचं काम आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. स्ट्रिपवरचं बारीक इंग्रजी घरात वाचतं कोण? आपणच ना!

कारण ऐका. स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम नावाचा एक आजार आहे. दोन अमेरिकन डॉक्टरांनी १९२२ मध्ये त्याचं वर्णन केलं. बहुतेक वेळा तो औषधातून होतो, तोही गोळी घेतल्या घेतल्या नाही, तर साधारण एक ते चार आठवड्यांनी. आधी ताप, डोळ्यांची आग, घसा दुखणं. मग तोंडात फोड, अंगावर दुखणारे काळपट-लाल चट्टे, आणि भाजल्यासारखी सुटणारी कातडी. ३० टक्क्यांहून जास्त कातडी सुटली तर डॉक्टर त्याला ‘टेन’ म्हणतात. त्यात तीनातला एक जण दगावू शकतो. वाचलेल्यांपैकी काहींचे डोळे कायमचे अधू होतात.

आजार दुर्मीळ आहे, मान्य. दहा लाखांत वर्षाला मोजक्या केसेस. पण गावात ताप आणि फोड एकत्र दिसले की काय म्हणतात? माता आली. मग कडुलिंबाचा पाला, कोपऱ्यातली खाट, आणि ताप आहे म्हणून तीच गोळी चालू! खरं तर अशा वेळी दोषी औषध जितकं लवकर थांबेल तितका जगण्याचा संभव वाढतो. आता नावच माहीत नसेल तर डॉक्टर थांबवणार काय?

ही औषधं काही विष नाहीत. फिटसाठीच्या फेनिटॉइन आणि कार्बामाझेपिन, युरिक ॲसिडची ॲलोप्युरिनॉल, सल्फाच्या गोळ्या, काही वेदनाशामकं, सगळी कामाचीच. गडचिरोलीला मलेरिया काही नवा नाही. २०१३ च्या राष्ट्रीय धोरणात ईशान्य भारत सोडून बाकी देशात फाल्सिपेरमसाठी आर्टेसुनेटसोबत जी गोळी ठरली, तिच्यातही सल्फाडॉक्सिन हे सल्फा औषध आहे. म्हणून मलेरियाची गोळी नाकारायची का? अजिबात नाही. मलेरिया अंगावर काढणं त्याहून कितीतरी धोक्याचं. फक्त पूर्वी सल्फानं अंगावर उठलं असेल तर ते गोळी घेण्याआधी सांगायचं. आणि सांगायला आधी नाव माहीत पाहिजे, आलं ना तिथंच?

मुलींनो, पाळीच्या दुखण्यासाठी पर्समध्ये मेफेनॅमिक ॲसिडची गोळी असते ना? नोव्हेंबर २०२३ मध्ये भारतीय औषधसंहिता आयोगानं तिच्याबद्दल इशारा दिला होता : क्वचित ‘ड्रेस’ नावाची तीव्र रिॲक्शन येऊ शकते. ताप, पुरळ, आतल्या अवयवांनाही इजा. तेव्हा चार दिवस चर्चा झाली, मग विसरलो.

आणि हे फक्त खेड्यातल्या अडाण्यांचं होतं असं समजू नका. अनुराधा साहा अमेरिकेतून कोलकात्याला आल्या होत्या, नवरा स्वतः डॉक्टर. अंगावर पुरळ उठलं, उपचार चुकले, आणि २८ मे १९९८ रोजी मुंबईत ‘टेन’नं त्या गेल्या. सर्वोच्च न्यायालयानं डॉक्टरांचा निष्काळजीपणा मान्य केला आणि २०१३ मध्ये सुमारे सहा कोटींची भरपाई ठरवली. तिथं मुंबईला हलवायला विमान तरी होतं. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ताच बंद होतो. तिथं धोक्याची खूण घरातच ओळखावी लागेल.

नाव विचारलं तर काही डॉक्टर चिडतात, “तू डॉक्टर आहेस का?” म्हणतात. म्हणू द्या. कंपाउंडर स्ट्रिप कापतो तेव्हा नाव छापलेला तुकडा मागा, नाही मिळाला तर कागदावर लिहून घ्या. मोबाईलवर फोटो काढा. नवीन गोळीनंतर ताप, तोंडात फोड आणि चट्टे दिसले तर त्याच दिवशी त्या फोटोसह सरकारी दवाखाना गाठा. फिटची गोळी मात्र परस्पर सोडू नका. एकदा रिॲक्शन आली तर त्या औषधाचं नाव आधार कार्डाच्या पाकिटात कायम ठेवा. दुसऱ्यांदा तेच पोटात गेलं तर आणखी लवकर आणि जोरात उठू शकतं.

रिॲक्शनची नोंद फक्त डॉक्टरनंच करायची असं नाही, १८००-१८०-३०२४ या मोफत क्रमांकावर आपणही करू शकतो. गोंडवाना विद्यापीठाच्या कॉलेजांतून दरवर्षी एनएसएसची शिबिरं गावोगावी जातात, रस्ते झाडतात, भिंती रंगवतात. यंदा एक दुपार त्या खुंटीवरच्या पिशव्या उघडून बघा की.