यंत्र-तंत्र : टायगर मॉथला जादा टाकी

वाचकहो, गेल्या अंकात आम्ही घरातल्या गरम पाण्याच्या टाकीवर लिहिलं, तेव्हापासून पेंडल हिल परिसरात आमची ख्याती 'टाकीवाले' अशी झालेली दिसते. कारण या वेळी प्रश्न आलाय तो थेट विमानाच्या टाकीचा! आपल्या मंडळाचे एक सभासद (नाव छापू नका, असं त्यांनी बजावलंय) चौघा मित्रांबरोबर एका जुन्या टायगर मॉथ विमानाचे भागीदार आहेत. वहिनींना पुढच्या सीटवर बसवून कॅम्डेनहून टेमोराच्या विमान संग्रहालयापर्यंत जायचं, तेही मधे न थांबता. त्यासाठी पेट्रोलची जादा टाकी बसवता येईल का? आम्ही पंप आणि टाक्यांचे इंजिनियर, विमानांचे नव्हे. पण पेट्रोलचं वजन सगळीकडे सारखंच, त्या भांडवलावर लिहितो.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आपल्या सिडनीत हजाराहून अधिक टायगर मॉथ बनली. टाकी एकच, 19 गॅलनची, म्हणजे सुमारे 86 लिटर. इंजिन तासाला साधारण 30 लिटर पितं. म्हणजे जेमतेम पावणेतीन-तीन तास, त्यातलं अर्ध्या तासाचं पेट्रोल कायद्याने राखून ठेवायचं. कॅम्डेन ते टेमोरा हवाई अंतर सुमारे 300 किलोमीटर. ताशी 130 च्या वेगाने हे सव्वादोन तासांत कागदावर जमतं. पण हिवाळ्यात पश्चिमेचा वारा सुटला आणि तो ताशी 37 किलोमीटरने समोरून आला, की वेग उरतो 93. लागतात सव्वातीन तास. टाकी त्याआधीच कोरडी! तेव्हा आमच्या मित्राची मागणी अगदीच हौसेची नाही.

आता टाकी ठेवायची कुठे? मूळची टाकी वरच्या पंखाच्या मधोमध, पुढच्या सीटच्या डोक्यावर आहे. जुन्या वाड्यात गच्चीवर टाकी असायची आणि पाणी आपोआप नळाला यायचं, तसंच इथे. पंप लागतच नाही. शिवाय ही जागा विमानाच्या गुरुत्वमध्याजवळ, त्यामुळे टाकी भरलेली असो वा रिकामी, तोल फारसा ढळत नाही. पुढची सीटही तशीच मध्याजवळ. म्हणून एकटा वैमानिक मागे बसतो आणि पुढची जागा रिकामी सोडतो.

मित्राच्या मनात आहे ती मागच्या सीटपाठीमागची सामानाची जागा. लिटरला 0.72 किलो धरा. 50 लिटरचे 36 किलो, वर टाकीचं आणि नळ्यांचं वजन. एकूण वजनाच्या मर्यादेत ते कदाचित बसेलही, पण शेपूट जड झाली की विमान हाताला ऐकेनासं होतं, आणि गिरकीत सापडलं तर बाहेर काढणं अवघड. त्या जागेला आमचा साफ नकार.

1930 च्या सुमाराच्या विक्रमवीरांनी मग काय केलं? पुढची सीटच काढली आणि तिथे टाकी बसवली. ती मंडळी एकटी का उडायची, त्याचं एक कारण हे! सोबत्याची जागा पेट्रोलने घेतलेली असायची. अ‍ॅमी जॉन्सनने मे 1930 मध्ये इंग्लंडहून डार्विन गाठलं ते असंच, जिप्सी मॉथमधून, साडेएकोणीस दिवसांत. खालच्या टाकीतलं पेट्रोल हातपंपाने वर चढवायचं, आणि वासाने मळमळायचं. एवढं करून अलाहाबादला जाताना समोरच्या वाऱ्याने पेट्रोल संपत आलं, आणि बाई उतरल्या कुठे, तर आपल्या झाशीला, पलटणीच्या कवायतीच्या मैदानावर! तिथे पंख मोडला तो वेगळाच.

त्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट याहून कडू आहे. एप्रिल 1929 मध्ये कीथ अँडरसन आणि बॉब हिचकॉक 'कुकाबरा' या छोट्या विमानातून हरवलेल्या किंग्सफर्ड स्मिथला शोधायला निघाले. इंजिनातला पुशरॉड ढिला झाला आणि तानामीच्या वाळवंटात उतरावं लागलं. पेट्रोल होतं, पाणी अगदीच थोडं. झुडपांतून विमान पुन्हा उडालं नाही. दोघेही तहानेने गेले. अँडरसनची समाधी आपल्या सिडनीतच, मॉसमनला आहे. जमल्यास मुलांना दाखवा.

म्हणून आम्हाला जे. आर. डी. टाटांची रीत अधिक पटते. 15 ऑक्टोबर 1932 रोजी ते टपाल घेऊन पस मॉथमधून कराचीहून जुहूला निघाले, ते अहमदाबादला उतरले. तिथे बैलगाडीतून आणलेले बर्मा शेलचे चार-चार गॅलनचे डबे विमानात रिकामे केले, आणि पुढे निघाले. विमानाला बैलगाडीचं पेट्रोल! पण वजन वाढलं नाही आणि तोलही ढळला नाही.

तर मित्रा, टाकी बसवू नकोस, काउराला उतर. कॅम्डेनहून ते सुमारे 190 किलोमीटर. त्याच वाऱ्यात दोन तास, अर्ध्या तासाची राखीव सोडूनही थोडं उरतं. तिथून टेमोरा 120 च्या आसपास. निघण्याआधी काउराला फोन करून पेट्रोल आहे ना, विचार. वारा ठरल्यापेक्षा जोराचा निघाला तर गोलबर्नकडे वळायचं की परत फिरायचं, हे जमिनीवर असतानाच ठरव.

तरीही भागीदारांचा आग्रहच असेल, तर आधी कासाची मान्यता असलेल्या डिझाइन इंजिनियरकडून आराखडा मंजूर करून घ्या आणि परवानाधारक मेकॅनिककडूनच काम करवा. नंतर विमान पुन्हा काट्यावर चढवून वजनाचा तक्ता नव्याने करायचा. टाकीत पेट्रोल हिंदकळू नये म्हणून आडवे पत्रे हवेत, आणि हवा आत यायला नळी हवी. ती नळी मात्र दर उड्डाणाआधी बघायची. इकडच्या कुंभारीण माशा अशा भोकात मातीचं घर बांधतात, आणि हवा बंद झाली की भरल्या टाकीतूनही पेट्रोल उतरत नाही.