एसएसडी, एफपीएस आणि एका ओळीची बिले

२०२५च्या अखेरीपासून रॅम आणि फ्लॅश चिप या दोहोंचे भाव डेटा सेंटरांच्या मागणीमुळे चढत गेले, डिसेंबरात मायक्रॉन कंपनीने ‘क्रुशल’ या नावाने किरकोळ ग्राहकांना माल विकण्याचा व्यवसाय गुंडाळत असल्याचे जाहीर केले, आणि ठरलेल्या बजेटात गेमिंग संगणकाची जुळणी करून देणाऱ्यांपुढे कोणत्या भागाला कात्री लावावी हा प्रश्न नव्याने उभा राहिला. अशा दिवसांत मासिकाकडे येणाऱ्या पत्रांत एकच तक्रार वारंवार दिसावी हे खेदजनक आहे. महागडी एसएसडी, म्हणजे फिरती तबकडी नसलेली आणि फ्लॅश चिपवर माहिती साठवणारी ड्राइव्ह, एफपीएस वाढेल असे सांगून विकली जाते. एफपीएस जागचा हलत नाही. आणि ग्राहक बिल घेऊन काउंटरवर उभा राहतो.

एफपीएस, म्हणजे पडद्यावर दर सेकंदाला उमटणाऱ्या चित्रांची संख्या, ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसर ठरवतात; गेमला लागणारी माहिती रॅममध्ये येऊन बसली की ड्राइव्हला त्या कामात फारसे स्थानच उरत नाही. साटा एसएसडी सेकंदाला सुमारे ५५० मेगाबाइट वाचते, तिसऱ्या पिढीची एनव्हीएमई, म्हणजे थेट पीसीआय एक्सप्रेस मार्गिकांवरून बोलणारी एसएसडी, सुमारे ३,५०० आणि पाचव्या पिढीतील वेगवान ड्राइव्ह १४,०००च्या आसपास. तरीही बहुतेक गेम सुरू होण्याच्या वेळेत या तिघींमध्ये काही सेकंदांचेच अंतर पडते, कारण वाचन हा त्या कामाचा एक तुकडा असून वाचलेली माहिती उलगडणे, शेडर, म्हणजे ग्राफिक्स कार्डाला दिल्या जाणाऱ्या आज्ञावली, तयार करणे आणि सर्व काही कार्डाच्या स्मृतीत पोचवणे हा उरलेला भार ड्राइव्ह उचलत नाही. शेडर ऐनवेळी तयार होताना बसणारा झटका ‘ड्राइव्ह स्लो आहे’ म्हणून खपवणारे तंत्रज्ञ कमी नाहीत, आणि त्यांच्या सल्ल्याचा खर्च ग्राहकाच्या माथी पडतो.

तथापि, काहीच फरक पडत नाही हे टोकही तितकेच चुकीचे आहे. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या हार्ड डिस्कची एक फेरी ८.३ मिलिसेकंदांत पूर्ण होते, हवी ती जागा वाचनटोकाखाली येण्यास सरासरी त्याच्या निम्मा वेळ जातो आणि वाचनटोक त्या पट्ट्यापर्यंत सरकण्यास आणखी आठ-नऊ मिलिसेकंद लागतात. म्हणजे विखुरलेल्या माहितीचा एक तुकडा मिळवण्यात बारा-तेरा मिलिसेकंद खर्ची पडतात, तर ६० एफपीएससाठी एका चित्राला मिळणारा एकूण अवधी १६.७ मिलिसेकंदांचा असतो. खेळाडू धावत असताना पुढचा रस्ता डिस्कवरून मागवणाऱ्या विस्तीर्ण नकाशाच्या गेममध्ये हार्ड डिस्क इथे तोंडघशी पडते, आणि सरासरी एफपीएस कायम राहूनही खेळ अडखळतो. प्लेस्टेशन ५चे रचनाकार मार्क सर्नी यांनी मार्च २०२० मधील व्याख्यानात सांगितले होते की, वाचनटोकाची धावपळ वाचवण्यासाठी स्पायडर-मॅन गेममधील काही माहिती डिस्कवर ४०० वेळा लिहावी लागली होती. सेकंदाला ५.५ गिगाबाइट वाचणारी एसएसडी त्या यंत्रात आली ती याच अडचणीवर उपाय म्हणून, आणि २०२३ पासून ‘स्टारफील्ड’, ‘बाल्डर्स गेट ३’ तसेच २.० आवृत्तीनंतरचा ‘सायबरपंक २०७७’ यांच्या किमान अपेक्षांतच एसएसडी आली.

‘हेलडायव्हर्स २’चे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. हार्ड डिस्कवाल्यांच्या सोयीसाठी माहितीच्या प्रती करून ठेवल्यामुळे हा गेम संगणकावर सुमारे १५४ गिगाबाइट जागा व्यापत होता. डिसेंबर २०२५ मध्ये त्या प्रती काढल्यावर तो सुमारे २३ गिगाबाइटवर आला, आणि प्रारंभाचा बराचसा वेळ नकाशा तयार करण्यात जात असल्याने हार्ड डिस्कवरही प्रतीक्षा काही सेकंदांनीच वाढते असे निर्मात्यांना आढळले. मोजमाप न करता धरलेल्या गृहीतकापायी शंभराहून अधिक गिगाबाइट अडकून पडले होते. २०२२ मध्ये आलेली डायरेक्टस्टोरेज ही मायक्रोसॉफ्टची सोय माहिती उलगडण्याचे काम ग्राफिक्स कार्डाकडे सोपवू शकते. परंतु तिचा लाभ घेणारे गेम अद्याप मोजकेच असल्याने त्यांच्या भरवशावर पाचव्या पिढीची ड्राइव्ह गळ्यात मारणे सचोटीचे नव्हे.

याहून गंभीर बाब खोक्याच्या आतली आहे. ‘गेमिंग’ या शब्दाला एसएसडीच्या बाबतीत कोणतेही तांत्रिक मानक नाही, त्यामुळे नाव सोनूबाई हाती कथलाचा वाळा असा प्रकार सर्रास चालतो. खोक्यावर छापलेला लेखनवेग ‘पर्यंत’ या शब्दाआड राहून केवळ कॅशेपुरता, म्हणजे वेगाने लिहिता येणाऱ्या राखीव भागापुरता, खरा असतो. तो भरला की प्रत्येक पेशीत चार बिट साठवणाऱ्या क्यूएलसी ड्राइव्हचा लेखनवेग हार्ड डिस्कच्याही खाली घसरू शकतो. २०२१ मध्ये क्रुशल पी२ मध्ये तीन बिटांच्या टीएलसी चिपऐवजी क्यूएलसी आली ती त्याच नावाने. त्याच वर्षी वेस्टर्न डिजिटलच्या ब्लू एसएन५५० मधील चिप बदलून कॅशेनंतरचा लेखनवेग सुमारे निम्म्यावर आला, आणि ओरड झाल्यावर यापुढे असा बदल करताना नवा मॉडेल क्रमांक देण्याचे कंपनीने कबूल केले.

कंपन्यांना दोष देताना आपल्या सभासद दुकानदारांनी स्वतःची बिलबुकेही उघडून पाहावीत. ‘५१२ जीबी एनव्हीएमई, १ नग’ एवढ्या एका ओळीवर हजारो रुपयांचा व्यवहार होतो, त्यात ना नाममुद्रा असते ना अनुक्रमांक. पुढे ड्राइव्ह बंद पडते तेव्हा सेवा केंद्राचा कारकून बिलावर अनुक्रमांक नाही म्हणून दावा नाकारतो, मूळ खोके मागतो, खोके असल्यास वितरकाचा शिक्का मागतो. वास्तविक तो अनुक्रमांक ड्राइव्हच्या लेबलावर छापलेला, तिच्या फर्मवेअरमध्ये नोंदलेला आणि कंपनीच्याच संकेतस्थळावर क्षणात पडताळता येणारा असतो. बोटभर पट्टीसाठी दुकानदाराने तीन फेऱ्या माराव्यात ही व्यवस्था संतापजनकच आहे, पण तिला हत्यार पुरवले ते आपल्याच आळसाने, आणि सांगूनही न सुधारणाऱ्या सभासदांविषयी सहानुभूती बाळगण्याचे कारण उरलेले नाही.

तेव्हा पुढील महिन्यापासून प्रत्येक बिलावर नाममुद्रा, पूर्ण मॉडेल क्रमांक, अनुक्रमांक, चिपचा प्रकार आणि टीबीडब्ल्यू, म्हणजे किती टेराबाइट लेखनापर्यंत हमी लागू राहते तो आकडा, लिहिलाच पाहिजे. चिपचा प्रकार कंपनी सांगत नसेल तर ‘कंपनीने जाहीर केलेला नाही’ असे लिहावे. हार्ड डिस्कवर गेम खेळणाऱ्या ग्राहकाला एसएसडी निःसंकोच सुचवावी, साटा एसएसडी असलेल्याला एफपीएससाठी ग्राफिक्स कार्डाकडे पाठवावे, आणि आठ गिगाबाइट रॅमवर खेळणाऱ्याला आधी रॅम घ्यायला लावावी, भाव कितीही चढलेला असो. पूर्ण बिल असूनही नाकारलेल्या हमी-दाव्यांच्या प्रती, ग्राहकाचे नाव झाकून, मासिकाच्या कार्यालयाकडे पाठवाव्यात. वितरकांसमोर ठेवण्यासाठी कागद हवेत, तोंडी गाऱ्हाणी पुरेशी झाली.