बदलीच्या पॅकेजमध्ये जात धरलेली नसते

पुण्यातल्या एका कंपनीने आपला एक विभाग बंगळुरूला हलवला. आमच्या विहारात येणारे एक कुटुंब त्यासोबत गेले. कंपनीने सामानाची गाडी दिली, विमानाची तिकिटे दिली, पंधरा दिवसांचे हॉटेल दिले, घर शोधायला एजंट दिला. शाळांची यादीही पाठवली. कागदावर कसलीच कमतरता नाही. सोळाव्या दिवशी मात्र राहायला घर नव्हते. दोन ठिकाणी बोलणी टोकनपर्यंत गेली आणि तुटली. आधी आडनाव विचारले, आडनावावरून नीट उलगडा होईना म्हणून गाव विचारले, मग घरात काय शिजते ते विचारले. तिसरे घर मिळाले तेव्हा बाबासाहेबांचा फोटो बाहेरच्या खोलीत लावू नका, असा सल्ला एजंटनेच दिला. एचआरकडे तक्रार केली तर उत्तर आले, ही घरमालक आणि भाडेकरू यांच्यातली खासगी बाब आहे.

आमचा वाद या उत्तराशी आहे.

१९१७ साली बाबासाहेब बडोद्याला नोकरीवर रुजू झाले. परदेशातली पदवी हातात, महाराजांची नेमणूक हातात, आणि शहरात एक खोली मिळेना. पारशी नाव सांगून ते पारशांच्या उतारगृहात राहिले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेला जमाव दारात आला. दुसरीकडे आसरा मिळाला नाही आणि त्यांना मुंबईला परतावे लागले. हा प्रसंग आपण जयंतीच्या भाषणात नेहमी सांगतो, पण अपमानाची गोष्ट म्हणून सांगतो आणि थांबतो. ती नोकरीची गोष्टही आहे. मालकाने पगार दिला, निवारा दिला नाही, म्हणून नोकरी सुटली. घर ही तेव्हाही खासगी बाब नव्हती.

आता कोणी म्हणेल, हे अपवाद आहेत, शहरात कोण जात विचारतो? सुखदेव थोरात आणि सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरातल्या भाड्याच्या घरांचा अभ्यास केला, तो २०१५ साली प्रसिद्ध झाला. उच्च जातीच्या, दलित आणि मुस्लिम नावांनी घरे विचारली गेली. दलित आणि मुस्लिम नावांना नकार आणि जाचक अटी दोन्ही आल्या.

घराचा प्रश्न निदान दिसतो. मुलांच्या दाखल्याचा प्रश्न दिसत नाही आणि तो जास्त महाग पडतो. संविधानाच्या ३४१ व्या अनुच्छेदानुसार जात अनुसूचित ठरते ती त्या त्या राज्याच्या संदर्भात. १९९० साली सर्वोच्च न्यायालयासमोर मर्री चंद्रशेखर राव यांचा खटला आला. वडील आंध्रातले, अनुसूचित जमातीच्या दाखल्यावर सरकारी खत कंपनीत लागलेले, नोकरीने मुंबईत आलेले. मुलगा मुंबईत शिकला आणि इथल्या वैद्यकीय महाविद्यालयात राखीव जागा मागू लागला. ती मिळाली नाही. तुमची जमात आंध्रात अनुसूचित, महाराष्ट्रात नव्हे. म्हणजे हा निकाल मुळात बदलीच्या घराचाच निकाल आहे. (त्याच वर्षी बौद्धांना अनुसूचित जातीच्या केंद्रीय सवलती मिळाल्या, हा योगायोग आम्हाला दरवेळी टोचतो.) २०१८ मध्ये घटनापीठाने राज्यांच्या नोकऱ्यांबाबतही हेच तत्त्व कायम ठेवले.

याचा व्यवहारात अर्थ काय? महार जात कर्नाटकाच्या यादीतही आहे, तरी महाराष्ट्रातून गेलेल्या कुटुंबाला कर्नाटक राज्याच्या राखीव जागा मिळत नाहीत. केंद्राच्या संस्थांत दाखला चालतो. पण महाराष्ट्रात परत येऊन वैद्यकीय प्रवेशाच्या राज्य कोट्यात बसायचे तर साधारणपणे दहावी आणि बारावी इथूनच झालेली लागते. सरकारी कर्मचाऱ्यांच्या मुलांना त्यात काही सूट आहे. खासगी कंपनीने बदली केलेल्यांच्या मुलांना नाही. तिकडे राखीव नाही, इकडे रहिवासी नाही. बढती म्हणून दिलेल्या बदलीत हे नुकसान कोणत्या रकान्यात मांडतात?

आमच्या मागण्या फार मोठ्या नाहीत. पहिले अकरा महिने घराचा करार कंपनीने स्वतःच्या नावाने करावा. डिपॉझिट तिने भरावे आणि नकार आला तर तो तिने ऐकावा. तिकडे दहा-दहा महिन्यांचे डिपॉझिट मागतात, ही रक्कम वडिलोपार्जित घर नसलेल्याने कुठून आणायची? आठवीच्या पुढची मुले असतील तर बदली पुढे ढकलण्याचा हक्क असावा, आणि तो वापरला म्हणून वार्षिक मूल्यांकनात गुण कापू नयेत. बायकोची सुटलेली नोकरी हीसुद्धा बदलीची किंमत आहे. या कुटुंबातली आई शाळेत शिकवत होती, आता घरी आहे, आणि मुलीला सांभाळणारी आजी पुण्यात राहिली. त्याच विभागातल्या कंत्राटी सफाई कामगारांना तर कसलेच पॅकेज नव्हते. त्यांना फक्त उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितले. त्यातल्या बहुतेक आपल्याच वस्तीतल्या बाया. त्यांच्यावर वेगळे लिहावे लागेल.

आणि आपणही थोडे हलायला हवे. बंगळुरूतल्या एखाद्या विहाराचा पत्ता आमच्याकडे असता तर ते पंधरा दिवस थोडे सोपे गेले असते. तो आम्ही आता शोधतो आहोत.

मुलगी सध्या नववीत आहे, डॉक्टर व्हायचे म्हणते. दहावीला तिला पुण्याला मावशीकडे पाठवायचे का, हे घरच्यांना जूनच्या आत ठरवायचे आहे.